पंप घेण्याआधी वाचा: दूध काढून ठेवणाऱ्या आयांसाठी

सांगली-मिरज रस्त्यावरच्या आमच्या दुकानात ब्रेस्टपंपाची चौकशी करायला बहुतेक वेळा नवरा नाहीतर बहीण येते. पहिला प्रश्न ठरलेला: "चांगल्यातला चांगला कुठला?" आईला विचारल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. हे पत्रक घरी न्या, बाळंतिणीला वाचू द्या, मग काय घ्यायचं ते ठरवा.

मुळात पंप लागतो का?

बाळ नीट ओढतंय आणि आई दिवसभर त्याच्याजवळ आहे, तर लागत नाही. डोहाळजेवणात भेट म्हणून तर पंप देऊच नका. माप माहीत नसताना घेतलेला पंप बऱ्याचदा कपाटात पडून राहतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक येतो तो थेंबाथेंबाने. पंपात तो भागांनाच चिकटून वाया जातो. त्यापेक्षा हाताने काढून स्वच्छ वाटीत घ्यावा. हात साबणाने धुवा. अंगठा वर आणि बोटं खाली अशी स्तनाग्रापासून तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा, पुन्हा तेच. बोटं कातडीवर घासायची नाहीत. दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगितलंत तर त्या समोर बसून दाखवतात. ही कला प्रत्येकीला यायला हवी, पंप असो वा नसो. 2019 च्या पुरात वीज नव्हती तेव्हा इलेक्ट्रिक पंप असून नसल्यासारखेच होते.

पंपाची खरी गरज दोघींना. एक, जिचं बाळ पेटीत आहे आणि अजून ओढत नाही. तिने बाळ जितक्या वेळा प्यायलं असतं तितक्या वेळा, म्हणजे दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी दूध काढावं लागतं, नाहीतर दूध आटत जातं. दुसरी, कामावर परतणारी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. तरी लहान दवाखान्यात किंवा चार माणसांच्या वर्कशॉपात काम करणाऱ्या कितीतरी जणींना दोन-तीन महिन्यांत परतावं लागतं.

कोणता पंप?

दिवसातून एखाद्या वेळी लागणार असेल तर हातपंप पुरे. रोज कामावर दोन-तीनदा काढायचं असेल तर चार्जिंगवर चालणारा डबल इलेक्ट्रिक पंप घ्या. दोन्ही बाजूंचं पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि मधल्या सुट्टीत डबा खायलाही वेळ उरतो. बाळ बरेच दिवस पेटीत राहणार असेल तर विकत घेण्याऐवजी हॉस्पिटल-ग्रेड, म्हणजे दवाखान्यात वापरतात तसा दणकट पंप भाड्याने मिळतो का ते आधी तिथल्या डॉक्टरांना विचारा. मागे रबरी फुगा असलेला, सायकलच्या भोंग्यासारखा स्वस्त पंप आम्ही ठेवत नाही. त्याच्या फुग्यात दूध शिरतं, तो आतून धुता येत नाही आणि ओढ किती लागते यावर ताबा नसतो.

खरी गोम मापात आहे

पंप दुखतो, दूध कमी येतं, मशीन वाईट आहे, अशा तक्रारींत आम्ही आधी फ्लँज बघतो. फ्लँज म्हणजे स्तनावर बसणारं नरसाळं. खोक्यात ते साधारणपणे 24 किंवा 28 मिलिमीटरचं येतं, आणि बऱ्याच जणींना ते मोठं होतं. या पत्रकासोबत छिद्रांची कागदी पट्टी दिली आहे. दूध काढण्यापूर्वी स्तनाग्राचा बुडाजवळचा व्यास तिच्यावर बघा. भोवतालचा काळसर भाग मापात धरायचा नाही. आलेल्या आकड्यात शून्य ते तीन मिलिमीटर मिळवलेत की तुमचं माप. उदाहरणार्थ, 17 आलं तर 17 ते 20. दोन्ही बाजूंची मापं वेगळी निघाली तर घाबरू नका, तसं असतं.

पंप चालू असताना स्तनाग्र नळीच्या मध्यात मोकळं पुढेमागे व्हायला हवं. कडेला घासून पांढरं पडत असेल तर फ्लँज लहान आहे. काळसर भाग बराचसा आत खेचला जात असेल तर मोठं. दर वेळी नवं फ्लँज घ्यायची गरज नाही; मोठ्यात बसणाऱ्या सिलिकॉनच्या इन्सर्ट रिंगा मिळतात, आणि त्या मशीनच्या मानाने फारच स्वस्त आहेत.

ओढ वाढवली की दूध वाढतं हा गैरसमज सोडा. दुखायला लागेल त्याच्या एक पायरी खाली ठेवा. दूध वाढतं ते स्तन वरचेवर रिकामे झाल्याने. अळिवाचे लाडू जरूर खा, अंगाला बरे असतात. पण नुसत्या लाडवांवर विसंबू नका.

"मोटर गेली" म्हणण्याआधी

फ्लँजच्या खाली सिलिकॉनची छोटी झडप असते, डकबिल व्हॉल्व्ह. तिच्या टोकाला बारीक चीर असते. उजेडात धरून बघा: चीर मिटलेली हवी. फट दिसली की हवा गळते आणि ओढ कमी होते. मोटर गेली म्हणून पंप घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण नवी झडप लावून परत जातात. रोज तीन-चारदा पंप वापरत असाल तर महिन्या-दोन महिन्यांनी झडप बदला. धुताना चिरेत ब्रश घालू नका, तिथेच ती फाटते.

धुण्यासाठी वेगळं पातेलं ठेवा. सिंकमध्ये भांड्यांचं तेलकट असतं. दूध लागलेले भाग आधी गार पाण्यातून काढा, मग कोमट पाणी-साबण, मग स्वच्छ कापडावर उघडे वाळवा, पुसू नका. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल किंवा दिवस भरण्याआधी झालेलं असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा. बोअरच्या पाण्यात उकळलंत तर पांढरा थर बसतो, पिण्याचं पाणी घ्या. मोटरची नळी धुवायची नाही. आत वाफ दिसली तर पंप थोडा वेळ रिकामा चालवा.

काढलेलं दूध किती टिकतं?

25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या घरात जातो, तेव्हा हे चार तास विसरा आणि काढल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. दारात नको, आत मागच्या बाजूला. तिथे चार दिवस. वेगळं दार असलेल्या फ्रीजरमध्ये सहा महिने चांगलं राहतं, पण सिंगल-डोअर फ्रीजच्या आतल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडेच धरा. हे आकडे निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी आहेत. बाळ पेटीत असेल तर दवाखान्याचा नियम पाळा, तो जास्त कडक असतो.

दूध साठवायची पिशवी एकदाच वापरायची. साठ-साठ मिलीच्या भरा, वर जागा सोडा, तारीख घाला, आडव्या ठेवा. आई बाहेर असताना बाळाला तासाला सुमारे तीस मिली लागतं. नऊ तासांच्या ड्यूटीला पावणेतीनशे ते तीनशे मिली. जतला किंवा कवठे महांकाळला एसटीने रोज जाणाऱ्या शिक्षिकांनी गोठवलेले आइसपॅक आणि इन्सुलेटेड पिशवी घ्यावी. त्यात दूध चोवीस तास राहतं.

आता सासूबाईंसाठी. हे दूध शिळं नसतं. वर साय येते, ती हलकेच फिरवून मिसळा. गोठवलेल्याला कधीकधी साबणासारखा वास येतो, तो दुधातल्या लायपेज या चरबी पचवणाऱ्या घटकामुळे. बाळ पीत असेल तर चालतं. उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. वाटी कोमट पाण्यात ठेवा. फ्रीजमध्ये वितळवलेलं चोवीस तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांनंतर टाकून द्या, जीव तुटला तरी.

बाटल्या आणि दूध पावडर यांबद्दल या पत्रकात काही नाही, कारण 1992 च्या कायद्याने त्यांची जाहिरात करायला मनाई आहे. ते दुकानाच्या सोयीचं नसलं तरी बाळाच्या सोयीचं आहे. काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येतं.

बाकीचं थोडक्यात

ब्रेस्टपॅड सुती, धुता येणारे घ्या, सहा-आठ पुरतात. ओले ठेवू नका, बुरशी होते. स्तनाग्राला पडलेल्या चिरांसाठी शुद्ध लॅनोलिन (लोकरीतून काढलेलं मलम) चालतं. हात मोकळे ठेवणारी पंपिंग ब्रा कामावर जाणाऱ्यांनाच लागते. स्टरिलायझर मशीन न घेता पातेल्यावर काम भागतं.

जावेचा जुना पंप वापरायचा असेल तर आधी दाखवायला आणा. ज्यात दूध मोटरपर्यंत पोचू शकत नाही असा बंद पद्धतीचा असेल तर दूध लागणारे सगळे भाग नवे घालून चालतो. उघड्या पद्धतीचा असेल तर नको. याच कारणाने सील फोडलेला पंप आम्ही परत घेत नाही. मोटर बिघडली तर कंपनीच्या वॉरंटीत बघू.

स्तनात गाठ, लाली, आणि सोबत ताप असेल तर जोरात चोळू नका, जास्तीचं दूध काढत बसू नका. गार फडकं ठेवा, बाळाला पाजत राहा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

झडप किंवा रिंग घ्यायला येताना अख्खा पंप नको. जुनी झडप आणि मशीनच्या तळाच्या लेबलचा मोबाइलवर फोटो एवढं आणलंत की पुरे.