सनकाडी, चुना आणि वेरूळची भिंत

अंबाडीचे देठ पाण्यात कुजवून त्याचा वाख सोलून काढला की मागे उरते ती सनकाडी. मराठवाड्या-विदर्भाकडच्या माणसाला ती ओळख करून द्यायला नको. हातात घेतली तर वजन लागत नाही, वाकवली की कटकन मोडते, आतून पांढरी आणि भुसभुशीत असते. चुलीत सारली की भुर्रकन पेटते. या काडीला बाजारात किंमत अशी कधी नव्हतीच. आता तिच्याच एका चुलतबहिणीपासून, म्हणजे भांगेच्या झाडाच्या काडीपासून, फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत घराच्या भिंती उभ्या राहत आहेत. त्या भिंतीला ‘हेम्पक्रीट’ म्हणतात आणि तिच्या नावाने आपल्याकडेही गुंतवणुकीच्या गप्पा सुरू झाल्या आहेत.

आधी नावाचा गोंधळ मिटवू, कारण तो इंग्रजीतून आला आहे. इंग्रजांनी दोरखंड होईल अशा निम्म्या वनस्पतींना ‘हेम्प’ म्हणून टाकलं. आपला ताग म्हणजे सन हेम्प, अंबाडी म्हणजे डेक्कन हेम्प, घायपात म्हणजे सिसल हेम्प. मनिला हेम्प तर चक्क केळीच्या कुळातली. बांधकामातला हेम्प मात्र खरा, म्हणजे कॅनाबिस सटायव्हा. गांजा आणि भांग देणारी वनस्पती हीच, फक्त धाग्यासाठी आणि बियांसाठी वाढवलेल्या तिच्या वाणांत नशा आणणारं टीएचसी नाममात्र असतं. कायदा बहुतेक ठिकाणी ०.३ टक्क्यावर रेघ मारतो. अशा भिंतीपाशी बसून कुणाला नशा चढेल, हा विनोद एकदा करून घ्यावा आणि पुढे जावं.

भिंतीत भांग घालण्याचा पुरावा शोधायला आपल्याला फ्रान्सला जायची गरज नाही. २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांचा एक निबंध आला. वेरूळच्या लेण्यांत चित्रांखाली मातीचा गिलावा आहे. त्यातले वनस्पतींचे तुकडे सुटे करून त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि आजच्या भांगेच्या नमुन्यांशी ताडून बघितले. ते तुकडे भांगेचे निघाले. देवगिरीच्या किल्ल्यातल्या गिलाव्यातही भांग सापडली. अजिंठ्याच्या गिलाव्यात तूस, गवत, इतर वनस्पतींचे धागे आहेत, पण भांग नाही. अजिंठ्याच्या चित्रांचा किमान चौथा हिस्सा किड्यांनी खाल्ला, वेरूळला तो त्रास दिसत नाही, याचं श्रेय या संशोधकांनी भांगेला दिलं.

वेरूळच्या गिलाव्यात भांग आहे, हे मला पटतं. किडे तिच्यामुळेच लागले नाहीत, हे अनुमान आहे. दोन्ही ठिकाणी दगड, पाझर, वटवाघळं, गिलाव्यातलं इतर सामान, सगळंच वेगळं आहे. तेव्हा ‘दीड हजार वर्षं टिकणारी भिंत’ अशी जाहिरात वाचली तर एवढं लक्षात ठेवा, की वेरूळला डोंगर उभा आहे तो बेसाल्टच्या जोरावर. भांग आहे ती वरच्या पातळ लेपात.

आताची हेम्पक्रीट जन्मली ती दुरुस्तीच्या कामातून. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात लाकडी चौकटीची जुनी घरं आहेत. चौकटीच्या मधल्या जागा कुडाच्या असत, काटक्या आणि वर मातीचा लेप. आपल्या कोकणातल्या कारवीच्या कुडाचीच ही फ्रेंच आवृत्ती. विसाव्या शतकात तिथल्या लोकांनी तो कूड काढून सिमेंट भरलं. सिमेंटमधून वाफ सहज जात नाही, ओल लाकडापाशी अडकली आणि शेकडो वर्षं टिकलेले खांब कुजायला लागले. १९८६ मध्ये नोजाँ-स्यूर-सेन या गावातल्या अशा एका घराच्या डागडुजीत सिमेंटऐवजी भांगेच्या काड्या आणि चुना वापरला गेला. तिथून ही पद्धत पसरली. आपल्याकडे चुन्यातल्या वाड्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून घेतल्यावर दोन पावसाळ्यांत पोपडे आणि पांढरा क्षार का येतो, याचं उत्तरही हेच आहे.

भिंतीची कृती सोपी आहे. भांगेच्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, चुना आणि पाणी कालवायचं, लाकडी फळ्यांच्या साच्यात थर देत भरायचं, फळ्या काढायच्या आणि वाळू द्यायचं. नुसता चुना घट्ट व्हायला फार वेळ घेतो, म्हणून त्यात लवकर धरणारं काहीतरी मिसळतात. आपले जुने गवंडी त्यासाठी विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालत असत. तिकडे तेच काम तयार पोत्यातला मिश्र चुना करतो.

या भिंतीची गंमत तिच्या रिकामेपणात आहे. काडी सूक्ष्म नळ्यांनी भरलेली, दोन काड्यांमध्ये पुन्हा फटी. एक घनमीटर साधं काँक्रीट सुमारे २,४०० किलोचं, हेम्पक्रीटची भिंत तेवढ्याच आकाराला ३०० ते ४०० किलोची. अडकलेली हवा उष्णता सहज पुढे सरकू देत नाही, त्यामुळे सारख्याच जाडीच्या विटांच्या भिंतीपेक्षा हिच्यातून उष्णता साधारण आठ-दहा पट कमी वाहते. एप्रिलमध्ये संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघितलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल.

मात्र मला जास्त मोलाची वाटते ती ओलाव्याची गोष्ट. खोलीतली हवा दमट झाली की पाण्याची वाफ या नळ्यांच्या आतल्या भिंतींना चिकटते, हवा कोरडी झाली की सुटते. मोजमापांत दमटपणा एका टक्क्याने वाढला तर दर चौरस मीटरला सुमारे २ ग्रॅम वाफ काही तासांत आत जाते. खोलीला ३० चौरस मीटर भिंत असेल आणि दमटपणा ५० वरून ७५ टक्क्यांवर गेला, तर गणिताने ही भिंत दीड लिटर पाणी गुपचूप पोटात घेते. स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे यांनी होणारी घालमेल ती अशी सावरून घेते. अट एवढीच, की तिच्यावर ऑइलपेंट मारायचा नाही. चुन्याचा गिलावा, चुन्याची सफेदी, बस्स. प्लॅस्टिकचा रंग दिला की तिचं तोंडच बंद झालं.

इथे युरोपातल्या माहितीपत्रकांवर विसंबून चालत नाही. हा साठा म्हणजे रांजण आहे, गटार नव्हे. युरोपात दमट दिवसामागे कोरडा दिवस येतो, रांजण रिकामा होतो. नाशिक, सोलापूर, नागपूरला वर्षाचे आठ-नऊ महिने तसंच घडेल. पण रत्नागिरीला जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत हवा ओलीचिंब असते. रांजण पहिल्या काही दिवसांत भरतो आणि भरलेलाच राहतो. चुन्याच्या क्षारीपणामुळे बुरशीला अडसर होतो, तरी वरून पावसाची झड सतत लागत राहिली तर काय होईल, हे कौलांची पडवी पुढे काढणाऱ्या आपल्या पूर्वजांना विचारावं. कोकणात अशी भिंत बांधायची तर जोतं उंच, पागोळ्या भिंतीपासून चांगल्या तीन फूट लांब, आणि पश्चिमेला पडवी. तेवढं करायचं नसेल तर चिऱ्याला पर्याय शोधत बसू नये.

दुसरी मर्यादा ताकदीची. घराच्या स्लॅबला आपण एम-२० काँक्रीट म्हणतो, म्हणजे ते दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसतं. हेम्पक्रीट १ न्यूटनही धड सोसत नाही. तिच्यावर छप्पर टेकवता येत नाही; भार खांब-तुळया उचलणार, ही फक्त मधली जागा भरणार. आपल्या आरसीसी इमारतींत विटाही तेच करतात, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. उलट हलक्या भिंतीमुळे भूकंपात इमारतीवरचा जोर कमी येतो. पण गीझर टांगायला खिळा ठोकाल तर तो हातात येईल, टांगणीच्या जागा आधीच ठरवून आत लाकूड पुरावं लागतं. आणि त्या लाकडाला वाळवी लागू नये याची काळजी वेगळी घ्यावी लागते. आगीची भीती मात्र फोल आहे. प्रत्येक काडीवर चुन्याचा लेप असतो, चाचण्यांत अशी भिंत तासाहून जास्त वेळ आग अडवून धरते.

कार्बनचा हिशेब थोडक्यात सांगतो. वाळलेल्या काडीचा एक किलो तयार होताना झाड हवेतून दीड किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड ओढतं, आणि भिंत उभी आहे तोवर त्यातला कार्बन तिथेच बंदिस्त राहतो. चुना भाजताना वायू सुटतो. त्यातला चुनखडीतून निघालेला वाटा भिंत वर्षानुवर्षं परत शोषत राहते, भट्टीच्या इंधनाचा धूर मात्र परत येत नाही. काडी उत्तराखंडातून ट्रकने पुण्याला आणली तर ट्रक वजनाने नाही, आकारानेच भरतो आणि हलकेपणाचं कौतुक डिझेलमध्ये जातं.

उत्तराखंडाचं नाव घेतलं ते कारणानेच. आपल्या देशात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे. त्याच्या १४ व्या कलमानुसार सरकार धाग्यासाठी आणि बियांसाठी भांगेच्या लागवडीला मुभा देऊ शकतं. उत्तराखंडाने २०१८ मध्ये असा पहिला परवाना दिला. पुढे पौडी गढवालमध्ये यमकेश्वरजवळ दोन तरुण वास्तुविशारदांनी हेम्पक्रीटचं छोटं निवासस्थान बांधलं, तिथे पाहुणे उतरतात. परवान्याशिवाय लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. अमेरिकेत २०१० मध्ये ॲशव्हिल गावात पहिलं हेम्पचं घर झालं तेव्हा देशात पिकवायला बंदी होती, काडी परदेशातून आणावी लागली. २०१८ च्या शेती कायद्याने बंदी उठली आणि २०२४ च्या निवासी बांधकाम संहितेत हेम्प-चुन्याच्या भिंतींचं परिशिष्ट आलं. तिथल्या गुंतवणूकदारासाठी या परिशिष्टाची किंमत सगळ्या पर्यावरणाच्या भाषणांहून जास्त आहे. नियमात नाव असलं की नगरपालिकेच्या टेबलावर फाइल अडत नाही, विमा मिळतो, बँकेच्या मूल्यमापकाला लिहायला रकाना सापडतो.

आता पैशाचं. समजा, घराचं बाहेरचं माप १० मीटर बाय ८ मीटर ठरलेलं आहे. बाहेरच्या भिंती १५ सेंटिमीटरच्या असतील तर आत ७४.७ चौरस मीटर जागा मिळते. हेम्पक्रीटची भिंत ३० सेंटिमीटरची घेतली तर ६९.६. फरक सुमारे ५५ चौरस फुटांचा. रेरा कायद्याच्या कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, म्हणजे ते ५५ फूट विकताच येत नाहीत. दर चौरस फुटाला १०,००० रुपये असेल तर साडेपाच लाख भिंतीच्या पोटात गेले. मोठ्या शहरातला बिल्डर या भिंतीकडे का ढुंकून बघत नाही, ते या एका गुणाकारात आहे.

शिवाय विजेचं बिल भरतो भाडेकरू, भिंतीचा जादा खर्च करतो मालक. गारवा एकाला, चटका दुसऱ्याला. म्हणून भाड्याने देण्याच्या फ्लॅटसाठी हे गणित मला जुळताना दिसत नाही. जिथे एसीचं बिल मालकच भरतो आणि जागेची टंचाई नाही, तिथे जुळू शकतं: स्वतः राहायचं शेतातलं घर, पर्यटकांसाठीच्या खोल्या, वायनरीचं कोठार. इंग्लंडमध्ये सफोकच्या एका मद्यनिर्मात्याने २००६ च्या सुमाराला आपलं वितरण कोठार हेम्प-चुन्याच्या भिंतींनी बांधलं ते थंडाव्याच्या खर्चासाठीच. नाशिककरांनी लक्ष घालावं असं हे उदाहरण आहे.

आणि कुणी ‘हेम्पच्या शेतीसाठी एकर घ्या, घरं बांधून देतो’ म्हणत आलाच, तर त्याच्याकडे आधी लागवडीचा परवाना मागा. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजी घेता येत नाही, हा तर आणखी पुढचा प्रश्न.

ज्याला खरंच करून बघायचं आहे त्याने एक खोली बांधावी, दिवाळीनंतर सुरुवात करून. जाड भिंत वाळायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात आणि पावसाळ्याआधी ती आतपर्यंत सुकलेली हवी. माल कालवला की मूठभर घेऊन दाबायचा. गोळा टिकला पाहिजे, बोटांतून पाणी निथळता कामा नये. पाणी कमी पडलं तर काडी ते पिऊन टाकते आणि चुन्याची नुसती पूड उरते. जास्त झालं तर भिंत मेअखेरपर्यंत ओली. कोपऱ्यांवर आणि कडांवर जरा दाब द्यायचा, मध्ये हाताने हलकेच बसवायचं. आपल्या गवंड्याचा हात आयुष्यभर काँक्रीट ठासून बसवण्यात तयार झालेला असतो. फळीमागे माल पडला की तो सवयीने धुमस उचलतो. त्याच्या हातातून ती काढून घ्यावी लागते, दर थराला.