झोम्बींच्या खेळातल्या जगण्या-मरणाच्या हकिकती: पार्श्वभूमी

झोम्बींनी व्यापलेल्या जगात तग धरण्याचे व्हिडिओ गेम खेळणारी माणसे एकत्र बसली, की बोलणे चित्रांच्या दर्जावर किंवा गुणांवर फार वेळ टिकत नाही. ‘अकराव्या दिवशी नळाचे पाणी गेले’, ‘सगळी रात्र छपरावर बसून काढली’, ‘त्या माणसाला दार उघडायला नको होते’ अशी वाक्ये कानांवर पडू लागतात. सांगणारा आपल्या पात्राविषयी बोलत असतो, पण क्रियापदे सगळी प्रथमपुरुषी असतात, आणि ऐकणारेही ‘मग तू काय केलेस?’ असेच विचारतात. सर्वच खेळांबाबत असे घडत नाही. मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळून उठलेला माणूस निकाल सांगतो. झोम्बींच्या खेळातून उठलेला माणूस हकिकत सांगतो. ही सवय आपोआप लागलेली नाही. गेल्या चार दशकांत खेळ रचणाऱ्यांनी घेतलेल्या काही ठाम निर्णयांतून ती घडत गेली, आणि त्यांतला सर्वांत परिणामकारक निर्णय म्हणजे खेळाडूच्या हातून ‘सेव्ह’ची, म्हणजे खेळ साठवून चूक झाल्यास मागे जाण्याची, सोय काढून घेणे.

त्या निर्णयाचे मूळ झोम्बींच्या खेळांत नाही. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ लिहिला (मराठीत वाचताना आजार आठवतो, पण मूळ शब्दाचा अर्थ भटका लुच्चा माणूस असा आहे). त्यातली तळघरे दर खेपेला नव्याने रचली जात आणि पात्र मेले की ते कायमचे संपे. खेळ मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येत असे, पण तो पुन्हा सुरू करताच साठवलेली फाइल पुसली जाई, म्हणजे चूक झाल्यावर मागे जाण्याची वाटच नव्हती. शेवटी पडद्यावर अक्षरा-चिन्हांनी काढलेला थडग्याचा दगड येई आणि त्यावर खेळाडूचे नाव, जमवलेले सोने आणि मृत्यूचे कारण लिहिलेले असे. १९८७ साली आलेल्या ‘नेटहॅक’ने हाच दगड पुढे चालवला आणि त्यात आणखी एक विलक्षण गोष्ट होती. एखादे पात्र मेले, तर तो मजला कधीकधी जसाच्या तसा राखून ठेवला जाई आणि त्याच संगणकावर खेळणाऱ्या दुसऱ्या कोणाला पुढे कधीतरी त्या मजल्यावर आधीच्या माणसाचे सामान आणि त्याचे भूत भेटे. या फाइलींना ‘बोन्स’, म्हणजे हाडे, म्हणत. नेटहॅकच्या खेळाडूंनी आपापल्या मरणांचे सविस्तर वृत्तान्त लिहून एकमेकांना वाचायला देण्याची रीत पाडली आणि अशा वृत्तान्तांना ‘आणखी एक मूर्खपणाचे मरण’ या अर्थाच्या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले. या सगळ्या परंपरेचा पहिला अध्याय मी तिथे मानतो. त्या खेळात चित्रे नव्हती, आवाज नव्हता, झोम्बी होते ते इंग्रजी लिपीतल्या एका अक्षराएवढे. तरीही माणसांना सांगण्यासारखे काहीतरी मिळत होते, कारण जे घडले ते पुसता येत नव्हते.

झोम्बीची आकृती मात्र वेगळ्या वाटेने आली. हैतीच्या लोकश्रद्धेतला झोम्बी हा कोणाच्या तरी हुकमतीखाली राबणारा देह होता. माणसांचे लचके तोडणाऱ्या, झुंडीने घराला वेढा घालणाऱ्या प्रेतांची आज सर्वपरिचित असलेली कल्पना जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या चित्रपटाने रूढ केली, जरी त्या चित्रपटात ‘झोम्बी’ हा शब्द येत नाही. खेळांत या कल्पनेला मोठे स्थान मिळाले ते १९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने काढलेल्या ‘बायोहॅझर्ड’मुळे, जपानबाहेर तो ‘रेसिडेंट इव्हिल’ म्हणून ओळखला जातो. त्यात खेळ साठवण्यासाठी टाइपरायटर शोधावा लागे आणि त्यात घालायला शाईची फीत हवी असे. फिती मोजक्याच असल्यामुळे आत्ता साठवावे की आणखी एक खोली पाहून यावे, हा विचार सतत मनात राही. सेव्हची सोय इथे काढून घेतलेली नव्हती, पण ती दुर्मीळ केलेली होती. तरीही या खेळाच्या हकिकती फारशा रंगत नाहीत, कारण त्यातला वाडा, त्यातली दारे आणि त्यातले प्रसंग प्रत्येकाला तेच भेटतात. इतरांना सांगायला गेले, तर आपण त्यांच्यापुढे येणाऱ्या खेळाची मजाच घालवतो.

ही अडचण दूर झाली ती झोम्बींच्या जगात अनेक माणसे एकाच वेळी राहू लागली तेव्हा. ब्रिटनमधल्या केव्हन डेव्हिस यांनी २००५ साली ‘अर्बन डेड’ हा ब्राउझरमध्ये खेळायचा, जवळजवळ पूर्णपणे मजकुरावर चालणारा खेळ सुरू केला. माल्टन नावाचे काल्पनिक शहर, त्याची शंभर उपनगरे, एकूण दहा हजार चौकोन, एवढाच त्याचा पसारा होता. प्रत्येक खेळाडूला जास्तीत जास्त ५० कृतिगुण, म्हणजे हालचाली करण्यासाठी खर्चायचे गुण, मिळत आणि खर्च झालेला एक गुण दर अर्ध्या तासाने भरून येई. त्यामुळे रोजचा खेळ काही मिनिटांत संपे. मात्र खेळाडू निघून गेला तरी त्याचे पात्र शहरातच राही. दाराशी लाकूडसामान रचून, एखाद्या इस्पितळात किंवा पोलिस ठाण्यात ते झोपी जाई, आणि रात्रीतून तो अडथळा मोडला गेला की नाही, हे दुसऱ्या दिवशी कळे. मारला गेलेला माणूस झोम्बी म्हणून उठे आणि कालपर्यंतच्या सोबत्यांवरच चाल करून जाई, कारण या खेळात झोम्बीही माणसेच चालवीत असत. झोम्बींना बोलण्यासाठी मोजकीच अक्षरे दिलेली होती. त्या अक्षरांतून खेळाडूंनी एक अख्खी गुरगुरती भाषा घडवली, तिचे शब्दार्थ ठरवले आणि ती एकमेकांना शिकवली. मॉलांभोवती पडलेले वेढे, फितुरी, बचावपथकांची आगमने यांच्या बखरीच लिहिल्या गेल्या, आणि त्या लिहिणारे स्वतः त्या वेढ्यात होते. ब्रिटनच्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याच्या जबाबदाऱ्या एकट्या माणसाने चालवलेल्या खेळाला पेलण्यासारख्या नसल्याने मार्च २०२५ मध्ये माल्टन कायमचे बंद झाले. जवळपास वीस वर्षे ते शहर नांदले, आणि त्याचा इतिहास तिथे राहिलेल्यांनीच लिहिला, हे मला फार मोलाचे वाटते.

अर्बन डेडमध्ये मरण तात्पुरते होते. ‘नेटहॅक’चे कायमचे मरण आणि माल्टनची जिवंत माणसांची गर्दी या दोन गोष्टी एकत्र आल्या २०१२ साली, ‘डेझी’मध्ये. प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीत काम करणारे न्यूझीलंडचे डीन हॉल यांनी कंपनीच्या ‘आर्मा २’ या युद्धखेळावर हा मॉड, म्हणजे तयार खेळात बदल करून केलेला नवा खेळ, फावल्या वेळात रचला. हॉल पूर्वी न्यूझीलंडच्या सैन्यात होते. ब्रुनेईच्या जंगलात तग धरण्याचे प्रशिक्षण घेताना त्यांची प्रकृती इतकी ढासळली, की पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, आणि आपल्या खेळाची कल्पना त्या अनुभवातून आली असे त्यांनी सांगितले आहे. भूक ही पडद्यावरची नुसती पट्टी नसून ती माणसाचे निर्णय बदलते, ही जाणीव या खेळात पदोपदी दिसते.

खेळाची भूमी होती चेर्नारस, सोव्हिएत संघातून फुटून निघालेला एक काल्पनिक देश. २२५ चौरस किलोमीटरची ती भूमी चेक प्रजासत्ताकाच्या उत्तरेकडील खऱ्या डोंगराळ भागावरून घडवलेली आहे. खेळाडू समुद्रकिनाऱ्यावर जागा होई. अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्याच्याजवळ एक पिस्तूल असे. काही आठवड्यांत तेही काढून टाकले गेले आणि हातात उरली बँडेज, वेदनाशामक गोळ्या आणि एक टॉर्च. नकाशा नसे. रस्त्यावरच्या पाट्या सिरिलिक लिपीत असल्यामुळे आपण चेर्नोगोर्स्कच्या बाजूला आहोत की एलेक्ट्रोझावोद्स्कच्या, हे कळण्यासाठी अनेकांनी ती लिपी वाचायला शिकून घेतली. पात्रांची नोंद एका मध्यवर्ती साठ्यात राहत असल्याने सर्व्हर बदलूनही मरण टाळता येत नसे. दहा तास जमवलेले अन्न, पाठपिशवी, रायफल एका गोळीसरशी जाई आणि माणूस पुन्हा किनाऱ्यावर जागा होई.

या खेळातला एक नियम मला हकिकतींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांत रक्त कमी झाले, तर रक्ताची पिशवी स्वतःची स्वतःला लावता येत नसे. ती दुसऱ्या खेळाडूनेच लावावी लागे. जखमी माणसाला पडद्यावरचे जग करडे दिसू लागे, तो मधूनमधून बेशुद्ध पडे, आणि वाचायचे असेल तर बंदूक घेऊन फिरणाऱ्या एखाद्या परक्याला हाक मारण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. कोठाराच्या दाराआडून मायक्रोफोनवर विचारलेले ‘फ्रेंडली?’ आणि त्यानंतरची शांतता, यांत त्या काळच्या असंख्य हकिकती सुरू होतात. कधी तो परका पिशवी लावून, बीन्सचा डबा पुढे ठेवून निघून जाई; कधी पिशवी लावून झाल्यावर गोळी घाली. काही खेळाडूंनी वैद्यकीय पथके काढून अनोळखी जखमींना शोधत नकाशाभर फिरायला सुरुवात केली, ज्याची खेळाने त्यांच्याकडून कधीच मागणी केली नव्हती. झोम्बी या सगळ्यात पार्श्वभूमीला होते. गोळीचा आवाज काढायचा की नाही, एवढा पेच तेवढे निर्माण करीत. खरी भीती आणि खरा दिलासा माणसाकडून येई.

एप्रिल २०१२ मध्ये लोकांपुढे आलेल्या या मॉडच्या खेळाडूंची संख्या ऑगस्टपर्यंत दहा लाखांवर गेली आणि २००९ साली आलेला ‘आर्मा २’ तीन वर्षांनी विक्रीच्या यादीत पुन्हा वर आला. स्वतंत्र खेळ म्हणून ‘डेझी’ डिसेंबर २०१३ मध्ये अपूर्ण अवस्थेत विक्रीला आला. पूर्ण झाल्याची घोषणा व्हायला डिसेंबर २०१८ उजाडला.

मराठी वाचकांचा या वंशावळीशी संबंध आला तो तिच्या एका फांदीमुळे. ‘डेझी’ खेळणाऱ्या ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थांनी त्यावर शेवटचा उरेल तो विजेता अशा रचनेचा मॉड केला, आणि त्याच कल्पनेतून २०१७ साली ‘पब्जी’ आला. २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला आणि आपल्याकडे गल्लीगल्लीत पोहोचला. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ पासून त्याचा भारतासाठीचा अवतार सुरू झाला. लूट, स्क्वॉड, घराघरांत शिरून सामान शोधणे, हे सारे तिथे चेर्नारसमधूनच आलेले आहे. मात्र डाव अर्ध्या तासात संपतो आणि पुढच्या डावात सारे काही पहिल्यासारखे होते, त्यामुळे तिथे सांगितल्या जातात त्या चकमकी. लांब पल्ल्याची हकिकत तिथे रुजली नाही.

ती रुजली ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’मध्ये. द इंडी स्टोन या छोट्या ब्रिटिश गटाने २०११ साली हा खेळ लोकांपुढे ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घरफोडी होऊन त्यांचे संगणक चोरीला गेले आणि त्यांबरोबर पुढच्या आवृत्तीचे बरेचसे कामही गेले. गटाने ते पुन्हा लिहून काढले. खेळ घडतो १९९३ च्या जुलैमध्ये, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरे उमटतात, की वाचण्याची आशा नव्हती आणि तुम्ही कसे मेलात त्याची ही गोष्ट आहे. शेवट आधी सांगून टाकल्यामुळे खेळाडूचे सारे लक्ष मधल्या दिवसांवर जाते. पहिले काही दिवस टीव्ही चालू असतो आणि त्यावरचे सुतारकामाचे व स्वयंपाकाचे कार्यक्रम पाहून पात्र खरोखर शिकते. पुढे एक हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालू लागते आणि त्याच्या आवाजाने आसपासचे सगळे झोम्बी तुमच्या घराकडे वळतात. मग कधीतरी वीज जाते, पाणी जाते. नेहमीच्या मांडणीत ओरखड्याने संसर्ग होण्याची शक्यता थोडी असते, पण चावा बसला तर मरण ठरलेले, आणि ते यायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत काय करावे, हे खेळ सांगत नाही. कोणी आपले सामान नीट लावून ठेवतो, कोणी गाडीत पेट्रोल भरून दूर निघून जातो, आणि याच दिवसांच्या हकिकती मला सर्वांत मनापासून सांगितलेल्या वाटतात. डिसेंबर २०२१ मधल्या एक्केचाळिसाव्या आवृत्तीने एकत्र खेळण्याची सोय नव्याने उभारली आणि खेळाडूंची संख्या एकदम वाढली; तेव्हापासून या शेवटच्या दिवसांना साक्षीदारही मिळू लागले.

‘नेटहॅक’मधली हाडे या खेळात चालू लागली आहेत. पात्र मेले, की त्याच जगात नवे पात्र घेऊन पुढे खेळता येते, आणि संसर्गाने मेलेले आधीचे पात्र झोम्बी होऊन तिथेच कुठेतरी फिरत असते, अंगावर तेच कपडे आणि पाठीवर तीच पिशवी घेऊन. मल्ड्रॉ गावातल्या एका घरात माझे पात्र बावीस दिवस राहिले होते. सगळ्या खिडक्यांवर चादरी बांधल्या होत्या, फक्त न्हाणीघराची खिडकी राहून गेली होती, आणि झोम्बी तिथूनच आत शिरले. नवे पात्र घेऊन त्या घरी परत जायला मला पाच दिवस लागले. अंगणात मी लावलेली कोबीची रोपे सुकली होती. जिन्यावर लाल जाकीट घातलेला एक झोम्बी पाठमोरा उभा होता. त्याच्या पिशवीत कॅन ओपनर होता, तीन डबे होते आणि मी अर्धेच वाचून ठेवलेले सुतारकामाचे पुस्तक होते.