टार्गेटचा स्टँड वेगळा, स्टीलचं टार्गेट वेगळं

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी कागदावर पेन्सिलने काढलेलं चित्र घेऊन उभा होतो. मुलगी एअर रायफल शिकते, तिच्यासाठी उचलून नेता येईल असा 'स्टीलचा टार्गेट स्टँड' करून हवा होता. मालकाने चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "गोळी लोखंडाला लागायची आहे की लागू द्यायची नाही, ते आधी सांगा."

हा प्रश्न महिनाभर आधी कुणी विचारला असता तर माझे पैसे वाचले असते. याच नावाने ऑनलाइन मागवलेल्या खोक्यातून दोन तिरके पाय, एक आडवा दांडा आणि दोन साखळ्या निघाल्या होत्या. कागद लावायला जागाच नाही! ती वस्तू वाईट नव्हती, फक्त मला हवी असलेली नव्हती.

मला हवा होता तो कागदी टार्गेटचा स्टँड. जमिनीवर एच आकाराची बैठक, तिच्यावर चौकोनी पाइपचे दोन आखूड तुकडे उभे, त्यांत दोन लाकडी रिपा, रिपांवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर टार्गेटचा कागद. छर्रा कागद-पुठ्ठा भेदून मागे जातो. स्टील खाली घोट्याच्या उंचीवर असतं, त्याचा नेमबाजीशी संबंध एवढाच की त्याने पडू नये. नेम चुकला तर रीप फुटते, नवी बसवायची. म्हणून इथे साधं माइल्ड स्टील पुरतं. २५ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला तर बैठक तीन किलोच्या आसपास होते आणि विंगनट लावले की घडी घालून स्कूटरवर पायांशी मावते.

मापं मात्र नीट घ्यावीत. १० मीटरच्या प्रकारात टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असावा लागतो, तेव्हा रीप दीड मीटरपेक्षा थोडी लांबच घ्यावी. एअर रायफलचं कार्ड जेमतेम ८ सेंटिमीटरचं, पिस्तूलचं १७. रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! दुपारी समुद्रावरून वारा सुटला आणि पुठ्ठा थरथरला, की दहा कुठे आणि साडेआठ कुठे हे पोरीलाही कळत नाही आणि मलाही. आपल्याकडे जमीन बहुतेक जांभ्याची, खुंट्या ठोकून आत जात नाहीत, वाकतात. त्यापेक्षा बैठकीचे पाय लांब ठेवून त्यांवर वाळूच्या दोन पिशव्या टाकणं बरं.

आणखी एक गोष्ट मी फजिती झाल्यावर शिकलो. रीप पाइपात घट्ट बसावी म्हणून रंधा मारून अगदी मापात करून घेतली होती. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लाकूड असं फुगलं की रीप बाहेर येईना. हातोडीने ठोकून ठोकून शेवटी आतच मोडली आणि तुकडे ड्रिलने पोखरून काढावे लागले. आता पाइप ऐसपैस घेतो, रीप सैल ठेवतो आणि बाजूने एक बोल्ट आवळतो.

हा स्टँड छर्रा थांबवत नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. मागे मातीचा बांध किंवा छर्रे झेलणारी पेटी हवीच.

आता दुसरी वस्तू, जिच्या साखळ्या माझ्याकडे आल्या होत्या. इथे स्टील हेच टार्गेट. पाटी टांगायची, नेम लागला की 'टण्' आवाज येतो, कागद बघायला चालत जावं लागत नाही. मजा आहे यात. पण गोळी स्टीललाच लागायची म्हटल्यावर स्टील कोणतं, हा प्रश्न एकदम गंभीर होतो.

गोव्यात जाड प्लेटची वाण नाही. बार्ज दुरुस्तीच्या यार्डात १०-१२ मिलिमीटरचे तुकडे पडलेले दिसतात आणि कुणीतरी सांगतंच, "घे रे, रणगाडासुद्धा अडेल." अडेल कदाचित. पण ती प्लेट मऊ आहे, ब्रिनेल या कडकपणाच्या मापात सव्वाशे-दीडशेच्या घरातली. पॉइंट टू-टू (.२२) बोअरच्या वरच्या रायफलची गोळी तिच्यात खळगा पाडते आणि पुढची गोळी त्याच खळग्यात शिरली तर तिचे तुकडे वाटीतून उसळल्यासारखे वळून नेमबाजाकडे येतात. सपाट, कडक पाटीवर शिसं चिरडून पाटीच्या पृष्ठालगत कडेने उडतं. म्हणून टार्गेटसाठी ५०० ब्रिनेलच्या आसपासची प्लेट वापरतात, बाजारात तिला एआर ५०० म्हणतात. याच जातीची प्लेट खाणपट्ट्यातल्या एक्स्कॅव्हेटरच्या बकेटला आणि डंपरला झीज थांबवण्यासाठी आतून लावतात. म्हणजे बार्जची नको, बकेटची चालेल, पण तिच्यावर कडकपणाचा आकडा छापलेला असेल तरच. नुसत्या जाडीवरून काही कळत नाही. स्टेनलेसचंही तसंच. ते गंजत नाही, कडक असतंच असं नाही.

कडक प्लेटला वेल्डिंगने हूक चिकटवायचा मोह आवरावा. अडीचशे अंशांच्या वर तापली की तेवढ्या भागाचा कडकपणा जातो. भोक पाडून बोल्टनेच टांगायची, तीही वीसेक अंश पुढे झुकवून, म्हणजे तुकडे खाली जमिनीत जातात. पिस्तूलसाठी अंतर किमान ९ मीटर, मोठ्या रायफलसाठी ९० च्या पुढे. चष्मा नेमबाजालाच नव्हे, शेजारी उभ्या असलेल्यालाही. आणि वजन? ३० सेंटिमीटर चौरस, १० मिलिमीटर जाडीची पाटी सात किलो भरते. पाय, दांडा वेगळे. 'पोर्टेबल' हा शब्द इथे गाडीची डिकी धरूनच वापरलेला असतो.

एअर रायफलला एवढं काही लागत नाही. मॅच म्हणजे स्पर्धेच्या एअर रायफलच्या छर्‍याची ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास, ३ मिलिमीटरची साधी पाटी त्याला पुरते आणि २० सेंटिमीटरची गोल पाटी पाऊण किलोचीही होत नाही. छर्रे मात्र शिशाचेच. स्टीलचे गोल छर्रे पाटीवरून जसेच्या तसे परत येतात, ते या पाटीवर कधीच मारू नयेत.

स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना माझ्या मते पाटीची गरज नाही. 'टण्' आवाज सातलाही येतो आणि दहालाही, चूक कुठे झाली ते कागदच दाखवतो. शिवाय काही रेंजवर फक्त कागद चालतो, तेव्हा पाटी घेण्याआधी तिथल्या रेंज ऑफिसरला विचारावं.

कुंडईच्या मालकाने शेवटी बैठक करून दिली, वर रेड ऑक्साइडचे दोन हात मारले. खाऱ्या हवेत तेही वर्षभरच टिकतं. वेल्डच्या सांध्यांतून पहिला तांबूस डाग दिसला की मी पॉलिश पेपर घेऊन बसतो आणि चवथीच्या आधी पुन्हा एक हात मारतो.