टूर्मलीन घेण्याआधी खडा फिरवून पाहा

टूर्मलीन या रत्नाचा खडा हातात आला की आधी तो बोटांत धरून हळूहळू फिरवा. समोरून मोकळा हिरवा दिसणारा रंग कडेने पाहताना अचानक काळपट किंवा पिवळसर होईल. खडा खोटा आहे असे लगेच समजू नका. टूर्मलीनचे स्फटिक लांबट, अंगावर उभ्या रेघा असलेले असतात. त्यांच्या लांबीच्या दिशेने पाहिले की रंग गडद दिसतो, आडवे पाहिले की फिका. काही गडद हिरव्या स्फटिकांतून तर लांबीच्या दिशेने उजेड जवळजवळ येतच नाही. म्हणून अशा स्फटिकाला पैलू पाडताना कारागीर खड्याचा सपाट माथा लांबीला समांतर ठेवतो. स्फटिक फिका असेल तर उलट करतो, म्हणजे रंग भरून येतो. लांबट चौकोनी टूर्मलीन इतके का दिसतात, याचे उत्तर बरेचसे स्फटिकाच्या या घडणीत आहे. त्यातून मोठा गोल खडा काढायचा तर माल फार वाया जातो.

खडा खिडकीजवळच्या उजेडात पाहा आणि मग पिवळ्या दिव्याखाली पाहा. दोन्हीकडे आवडला तरच घ्या. दुकानातल्या झगमगाटात सगळेच खडे चांगले दिसतात, आमचेसुद्धा.

रंग कशाने येतो?

टूर्मलीन हा बोरॉन असलेल्या सिलिकेट खनिजांचा मोठा गट आहे. त्यात शिरलेल्या धातूंवर रंग ठरतो. मँगनीजमुळे गुलाबी ते लाल, म्हणजे रुबेलाइट. लोहामुळे निळा, म्हणजे इंडिकोलाइट. आत गुलाबी आणि कडेला हिरवा असा खडा कलिंगडाच्या फोडीसारखा दिसतो. तो बहुधा आडव्या चकत्या कापूनच वापरतात. रुबेलाइटने तर राजेरजवाड्यांनाही चकवले आहे. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने 1777 मध्ये रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनला माणिक म्हणून भेट दिलेले रत्न पुढे रुबेलाइट निघाले!

सर्वांत जास्त प्रश्न येतात ते पराइबाबद्दल. 1980 च्या दशकात ब्राझीलच्या पराइबा राज्यात विजेसारखे निळे-हिरवे खडे सापडले. हा रंग तांब्यामुळे येतो. पुढे नायजेरिया आणि मोझांबिकमध्येही तांबे असलेले टूर्मलीन मिळाले आणि रत्ने तपासणाऱ्या अनेक प्रयोगशाळा त्यांनाही पराइबाच म्हणतात. त्यामुळे प्रमाणपत्रावर नुसते नाव वाचून खडा ब्राझीलचा समजू नका. खडा कुठल्या देशाचा हे स्वतंत्रपणे नमूद केले आहे का ते बघा, कारण किमतीत त्याने मोठा फरक पडतो.

प्रक्रिया आणि आतल्या रेषा

हिरव्या खड्यात नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या रेषा फारशा नसाव्यात. रुबेलाइटकडून मात्र तशी अपेक्षा ठेवू नका. अगदी निर्मळ आणि मोठा रुबेलाइट दुर्मीळ असतो, म्हणून कोणी स्वस्तात देत असेल तर शंका घ्या. भेगा तेलाने किंवा रेझिनने भरलेल्या असू शकतात. ते तपासणीत कळते. गुलाबी-लाल रंग किरणोत्साराने गडद केला असेल तर मात्र प्रयोगशाळेलाही तो सहसा ओळखता येत नाही. पराइबाचे बहुतेक खडे तापवलेले असतात. हे बाजारात मान्य आहे, पण विकणाऱ्याने सांगितले पाहिजे.

रोज वापरायचा असेल तर

खनिजांची कठिनता मोजायच्या मोह्जच्या मापावर टूर्मलीनची कठिनता 7 ते 7.5 असते. साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांची कठिनता 7, म्हणून कोरड्या फडक्याने घासण्यापेक्षा खडा आधी धुवा. कर्णफुले आणि लोलक यांची चिंता नाही. रोजच्या अंगठीसाठी आम्ही उघड्या प्राँगपेक्षा (खडा पकडणाऱ्या धातूच्या आकड्यांपेक्षा) कडेने धातूची पट्टी असलेले कोंदण सुचवतो, विशेषतः लांबट खड्याला, कारण आधी झिजतात ते त्याचे कोपरे.

तापला की टूर्मलीनच्या टोकांवर विद्युतभार येतो आणि तो धूळ ओढतो. दिव्याखाली ठेवलेले खडे लवकर मळतात त्यामागे हेही एक कारण आहे. (पूर्वी डच लोक तापलेल्या टूर्मलीनने चिलमीतली राख ओढून काढत.) कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. अल्ट्रासॉनिक मशीन आणि वाफेची सफाई टाळा. तापमान एकदम बदलले तर खडा तडकू शकतो. अंगठी लहान-मोठी करायला कोणत्याही सोनाराकडे द्या, पण ज्योत लावण्याआधी खडा काढायला आठवणीने सांगा.