पार्श्वभूमी : विमानविद्या आणि खेळाचं मैदान

बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना महामार्गालगत हत्तरगी लागतं. हुक्केरी तालुक्यातल्या या गावापाशी एकस (Aequs) या कंपनीच्या कारखान्यांत विमानांचे सुटे भाग घडतात. विमानविद्येचा खेळाला काय उपयोग, असं इथल्या पोरांना विचारलं तर उत्तर येतं : विमानांत वापरतात ते हलकं, मजबूत कार्बन फायबर. खोटं नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमननं लोटस या मोटार कंपनीच्या कार्बन सायकलवर सुवर्ण जिंकलं. माझ्या मते मात्र खरं देणं त्याहून जुनं आहे आणि डोळ्यांना दिसत नाही.

१९०४ मध्ये लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं की वाहत्या हवेचा घर्षणाचा खेळ वस्तूला चिकटलेल्या एका पातळ थरात चालतो. या सीमास्तराच्या कल्पनेवर पुढे विमानांच्या पंखांची आखणी झाली. गोल्फच्या चेंडूवरच्या खळग्यांचं गुपितही तेच : थर खवळला की तो पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहतो, मागची ओढ घटते.

क्रिकेटच्या चेंडूचं गणित अधिक मजेदार. शिवण तिरकी धरली की एका बाजूचा थर शिवणीवर अडखळून खवळतो आणि उशिरा सुटतो. चकचकीत बाजूचा लवकर सुटतो. दोन्हीकडचा दाब बदलतो, चेंडू शिवणीच्या दिशेनं वळतो. शास्त्रज्ञ रबी मेहता आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे मोजमापांनिशी मांडलं, मेहता पुढे नासाच्या एम्स केंद्रात गेले. कर्नाटकाकडून रणजी खेळलेल्या बेळगावच्या रोनित मोरेसारख्या गोलंदाजाला हे हातानंच कळत असणार. चेंडू पँटीवर घासणारी आपली पोरं नकळत हाच थर सांभाळतात.

पाण्यालाही हेच नियम लागू. विमानाची ओढ कमी करण्यासाठी नासाच्या लँगली केंद्रात बारीक खाचांवर काम झालं होतं. तशा खाचांची फिल्म १९८७ च्या अमेरिका कप या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या नौकेच्या तळाला लावली होती. स्पीडो कंपनीच्या एलझेडआर रेसर या पोहण्याच्या पोशाखाचं कापडही लँगलीच्या वायुबोगद्यात तपासलं गेलं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचे विक्रम धडाधड कोसळले. पुढच्या वर्षी इतर कंपन्यांचे पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे पोशाखही आले आणि रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. मग जलतरण महासंघानं हात आखडला : १ जानेवारी २०१० पासून फक्त विणलेलं कापड, पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत, महिलांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.