मध्यस्थीची प्रार्थना

ख्रिस्ती जीवनात स्वतःसाठी नव्हे, तर दुसऱ्यासाठी देवापुढे केलेली विनवणी. आजारी, बंदिवान, राज्यकर्ते, विश्वासातून घसरलेले, इतकेच नव्हे तर वैरीही तिच्यात येतात. मंडळीच्या उपासनेत, घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आणि उपास-प्रार्थनेच्या सभांत ती केली जाते.

तिचा सर्वांत बोलका नमुना बायबलमध्ये 'उत्पत्ती'च्या १८व्या अध्यायात सापडतो. सदोम नगरासाठी अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. ५० नीतिमान सापडले तर नगर वाचवशील ना, ४५ सापडले तर, असे करत तो १० वर येतो. नगर वाचत नाही. पण अब्राहामाची आठवण ठेवून देव त्याचा पुतण्या लोट याला सुखरूप बाहेर काढतो. पुढे शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे. त्यानंतर काही तासांतच पेत्र त्याला तीनदा नाकारतो, पण पुन्हा उभा राहतो. प्रार्थनेचे 'सामर्थ्य' म्हणजे मागितले ते हमखास मिळणे, असा अर्थ या कथांतून निघत नाही.

तरीही ते मोजण्याचे प्रयत्न झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, अशा दोन्ही गटांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यात ते उलट थोडे जास्त होते. देवाला प्रयोगात बसवता येत नाही, हे धर्मशास्त्र्यांचे त्यावरचे उत्तर.

कॅथलिक परंपरेत मरियेला आणि संतांनाही मध्यस्थी करण्याची विनंती करतात. मुंबईत वांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चमधल्या मरियेला, वाहिलेले मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरे पाहिली की कोण काय मागून गेले ते न विचारता कळते. प्रॉटेस्टंट मात्र ख्रिस्त हाच एकमेव मध्यस्थ मानतात. एकमेकांसाठी प्रार्थना करायला त्यांची हरकत नसते.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशनचे, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया व मुलींसाठी उभारलेल्या आश्रमाचे. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र येऊन, स्वतःसह भारतातील सर्व ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे यासाठी प्रार्थना करणाऱ्या मुली मागितल्या. ७० पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या ५५०च्या घरात गेली आणि सभा दिवसातून दोनदा भरू लागल्या. यांतल्या बऱ्याच जणी दुष्काळातून वाचलेल्या, काही बालविधवा होत्या. ज्यांच्यासाठी आजवर इतरांनी हात जोडले, त्याच आता देशासाठी विनवणी करत होत्या. महिनाअखेरीस तेथे सुरू झालेल्या जागृतीत, म्हणजे श्रद्धेच्या सामूहिक उसळीत, मुली रडत, ओरडत पापे कबूल करू लागल्या. पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम सांगताना लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचे नाव आधी घेतले जाते. तेथील सभा एप्रिल १९०६ मध्ये, म्हणजे केडगावनंतर सुरू झाल्या.