त्सुनामीच्या कॉमिकमधली चुकीची लाट

मुलांसाठीच्या त्सुनामीवरच्या कॉमिकमध्ये बहुतेकदा फणा काढलेली, फेसाळ लाट गावावर झेपावताना दिसते. जपानी चित्रकार होकुसाईच्या ज्या प्रसिद्ध चित्राला अनेक जण त्सुनामी समजतात, त्यातही खवळलेल्या समुद्रातली साधी लाटच आहे. चित्र चुकलं की कृती चुकते. फणा पाहिलेल्या मुलाला वाटतं, लाट येईल, फुटेल आणि जाईल. तोवर खांब धरून बसलं की झालं.

त्सुनामीत तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी हलतं, म्हणून तिचा वेग खोलीवर ठरतो : गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. 4000 मीटर खोलीवर सेकंदाला सुमारे 200 मीटर, म्हणजे ताशी 700 किमीच्या वर. 10 मीटर खोलीवर ताशी जेमतेम 36 किमी. दोन माथ्यांमधला काळ 20 मिनिटं धरला तर तरंगलांबी, म्हणजे त्या माथ्यांमधलं अंतर, 240 किमीवरून 12 किमीवर येते. पुढचं पाणी मंदावतं, मागचं येतच राहतं, उंची वाढते. खोलीच्या चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात, त्यामुळे इथे साधारण साडेचार पट. आणि माथ्यांमधला काळ इतका मोठा, की किनाऱ्यावर पाणी कित्येक मिनिटं चढतच राहतं.

हे दाखवायला एकच भव्य चित्र कामाचं नाही. त्याच रस्त्याच्या, त्याच कोनातून काढलेल्या पाच-सहा चौकटी हव्यात. कोपऱ्यात घड्याळ आणि विजेच्या खांबावर चढत जाणारी पाण्याची रेघ. पाण्यात लाकडं, गाड्या, पत्रे दाखवायचेच; एक घनमीटर पाण्याचं वस्तुमानच एक टन, त्यात हा मलबा. मग पाणी ओसरतं, लोक सामान आणायला परततात, आणि पुन्हा चढतं. ही चौकट गाळणं सगळ्यात महागात पडतं. 1960 च्या चिली भूकंपानंतर हवाईतल्या हिलो शहरात पहिल्या छोट्या लाटांनंतर मोठी लाट आली. 61 माणसं गेली.

‘आधी समुद्र मागे हटतो’ हेही अर्धंच खरं. 2004 च्या त्सुनामीत थायलंडकडे पाणी आधी हटलं. श्रीलंका आणि भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आधी चढलं. त्यामुळे खूण फक्त पाण्याची नको, धक्क्याचीही हवी : किनाऱ्यावर 20 सेकंद किंवा जास्त हादरे बसले, की भोंग्याची वाट न पाहता चालत उंचावर. गाड्यांनी रस्ता तुंबतो. शक्यतो 30 मीटर उंची गाठायची, किंवा 3 किमी आत जायचं. त्सुनामीची तारीख-वार सांगणारे ज्योतिषी आणि मोबाइलवर फिरणारे संदेश कॉमिकमध्ये विनोदी पात्र म्हणूनच यावेत.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, उजवीकडून डावीकडे वाचतात. भाषांतर करताना पानं आरशासारखी उलटली, तर नकाशाही उलटतो. डावं वळण उजवं होतं. नकाशाच्या चौकटी नव्यानेच काढाव्या लागतात.

संवादाच्या फुग्यात एका वेळी एकच कृती असावी. शेवटचं पान घरच्यांनी भरायचं : भेटण्याच्या दोन उंच जागा, बाहेरगावच्या एका नातेवाइकाचा फोन, आजीला कोण नेणार, आणि शाळेत असलेल्या मुलांना आणायला खाली कोणी उतरायचं नाही, शाळा त्यांना कुठल्या टेकडीवर नेणार, हे आधीच विचारून तिथे लिहायचं.